घर उतरवणारे बाबा

तीन वर्षांत ज्या माणसाने मला दोनदा बेघर केलं, त्या माणसाबद्दल मी आज चांगलं बोलणार आहे. कुणाला पटो न पटो. माझे घरमालक होते ते. गाव त्यांना बाबा म्हणायचं, मीही बाबाच म्हणायचे. पाठीमागे गाव आणखी काय काय म्हणायचं ते लिहिण्यासारखं नाही. सुरुवात 'येडा' या शब्दापासून व्हायची, एवढं सांगते.

नव्वदीतली गोष्ट. मी सरकारी नर्स. डोळखांबच्या आतल्या अंगाला एका गावातल्या उपकेंद्रावर बदली मागून घेतली होती. उपकेंद्राला राहायची खोली होती, पण तिच्यात औषधांची खोकी आणि उंदीर आधीपासून मुक्कामाला होते. कुणीतरी सांगितलं, बाबांची पडवी रिकामी आहे. गेले. बाबा ओट्यावर बसून पटाशीला धार लावत होते. त्यांनी आधी माझी ट्रंक पाहिली, मग मला पाहिलं.

"किती दिस ऱ्हाणार?"

"दोन-तीन महिने. तात्पुरती आहे मी."

"ऱ्हा मंग. घर पन तात्पुरतंच हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा विनोद. हसले. आत त्यांची बायको तांदूळ निवडत होती, ती मात्र हसली नाही. तेव्हाच समजायला हवं होतं.

मी तात्पुरती का, तेही सांगून टाकते, त्यात आता लाज कसली? माझा नवरा वाशिंदला कारखान्यात होता. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, आणि नोकरी सोड म्हटलं तर सोडत नाही, ही माझी दोन पापं. सासूबाई म्हणाल्या, थोडे दिवस लांब राहा, डोकं ठिकाणावर आलं की बोलावू. कुणाचं डोकं ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्या बोलावण्याची वाट बघत होते. ट्रंकेतून दोन साड्या बाहेर काढल्या होत्या, बाकी सगळं घडी घालून आत, निरोप आला की पटकन निघता यावं म्हणून. नवऱ्याचं पत्र येतंय का म्हणून मी पोस्टमनला रोज विचारायचे. तो बिचारा पुढे पुढे मला बघून सायकलवरून उतरायचाच नाही. आज स्वतःचा इतका राग येतो की काय सांगू.

बाबांचा धंदा घरं उतरवायचा. आमच्या भागात तेव्हा जुनी घरं सगळी लाकडाची होती. सागाचे खांब, त्यांवर तुळया, वर आढं, मग वासे, रिपा आणि कौलं. भिंती म्हणजे कारवीचे कुड, शेणामातीने लिंपलेले. अशा घराचा सांगाडा सोडवून दुसऱ्या जागी उभा करता येतो. भाऊ वेगळे झाले, जागा बदलली, की लोक बाबांना बोलवायचे. शहापूरपासून पार मुरबाडच्या धसईपर्यंत. घर बांधणारे सुतार गावोगाव होते, उतरवणारे हे एकटेच. "बांधायला काय लागतं? हौस," बाबा म्हणायचे. "उतरवायला डोकं लागतं."

वाचता येत नव्हतं, म्हणून लाकडांवर आकडे घालत नसत. पटाशीने खाचा पाडायचे. ह्या खांबाला दोन खाचा, त्याला तीन, आणि खाच नेहमी उगवतीच्या अंगाला. शंभर लाकडं गाडीत भरून नेली तरी कुठलं कुठे बसायचं हे त्यांच्या बोटांना कळायचं. एकदा धसईकडच्या एका घरवाल्याचा शिकलेला जावई मध्ये पडला. म्हणाला, आजोबा, मी पांढऱ्या रंगाने नंबर टाकतो. बाबा म्हणाले, टाक. त्याने हौसेने सगळ्या लाकडांवर नंबर टाकले आणि कुठला नंबर कुठे, ते ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद म्हशीने खाल्ला. बाबांनी जावयाला चिडवलं नाही. म्हशीला मात्र त्यांनी गूळ दिला.

त्याच धसईकडे दोघा भावांचं भांडण झालं होतं. थोरल्याने रागाच्या भरात पहार घेतली आणि थेट मधला खांबच हलवला. वरचं सगळं अंगावर आलं, खांदा मोडला. बाबा त्याला बघायला दवाखान्यात गेले, केळी घेऊन गेले, आणि खाटेशेजारी उभं राहून त्याला अशा शिव्या घातल्या की शेजारचे पेशंट उठून बसले. "राग आला म्हून खांबाला हात? वरनं सुरू कर ना! आधी कौलं काढ. येक येक काढ. कौलं काढस्तवर राग जातो. मंग खाली बसून इचार कर, आता पन उतरवायचंच हाय का. हाय, तर मंग उतरव. मंग कुनाच्या बापाला भ्यायचं नाय." हे शेवटचं वाक्य ते जवळजवळ प्रत्येक गोष्टीला जोडायचे.

आणि कुड कधीच न्यायचे नाहीत. हा त्यांचा कायदा होता. गिऱ्हाईक म्हणायचं, बाबा, कारवी अजून चांगली आहे, घेऊ की. बाबा ऐकायचे नाहीत. लाकूड न्यायचं, कौल न्यायचं, पण भिंत नवीन. "जुन्या कुडानं लय ऐकलंय," म्हणायचे, "तेच तेच परत ऐकवल." उतरवलेले कुड शेतात राबावर टाकून द्यायचे, भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात त्या जाळात.

इतकं ठीक होतं हो. धंदा म्हणून ठीक. पण बाबा स्वतःचं घरही उतरवायचे. मी राहायला जाण्याआधी पाच वेळा झालं होतं. गावाचा असा कोपरा नव्हता जिथे बाबांचं रिकामं जोतं नाही. एकदा शेजाऱ्याच्या कोंबड्यावरून, एकदा सख्ख्या भावाशी बांधावरून. कुणाचा पाहुणा आला आणि बाबांचं घर विचारलं, तर लोक म्हणायचे, काल इथे होतं, आज बघून सांगतो. त्यांची बायको, म्हणजे आमची आजी, तांदळातले खडे टाकता टाकता मला म्हणाली होती, "लोकांच्या बायका आयुष्यात येक चूल घालतात गो. मी सा घातल्या. आता सातवी घालायला लावली ना, तर ह्यांनाच तिच्यात घालीन."

सातवी घालायला लावलीच. मी राहायला गेल्याला चार महिने झाले असतील. तीन पाड्यांवर लसीकरण करून दुपारची परत आले, तर घर नाही. जोतं आहे, खांब आहेत, वर निळं आभाळ. आणि समोरच्या आंब्याखाली माझी खाट, तिच्यावर मच्छरदाणीसुद्धा नीट बांधलेली. ट्रंक खाटेखाली. मी हातातली लसीची पेटी तशीच धरून बोंबलले, "बाबा, हे काय?"

"आढ्याला हात लावू नको, वल्लं हाय, तेल लावलंय," बाबा म्हणाले.

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. मी सरकारी नोकर आहे, तक्रार करीन, आधी सांगायची रीत आहे की नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग खांबाला टेकून बसले. म्हणाले, "म्हातारी पाण्याला मागच्या वाटंनं जायला लागली."

शेजारीण आजीला काहीतरी टोचून बोलली होती. तेव्हापासून आजी विहिरीवर जाताना तिचं दार टाळून शेताला वळसा घालून जायची. बाबांनी आठ दिवस ते पाहिलं. त्यांचा हिशेब सरळ होता. घर वाईट झालं हे डोक्याला उशिरा कळतं, पायांना आधी. "आपल्याच घरी येताना पाय वाकडे चालायला लागले, की समजायचं. मंग थांबायचं नाय."

मी म्हटलं, अहो, त्या शेजारणीला दोन शब्द सुनावायचे, घर कसलं पाडता! "पाडत नाय, उतरवतोय," बाबा एकदम तापले. हा शब्द त्यांच्यापुढे चुकवायचा नसे.

चार दिवस मी उपकेंद्रात उंदरांबरोबर काढले. बाबांची ती पायांची गोष्ट मला येडेपणाच वाटली होती. पण एक दिवस केसपेपर लिहिता लिहिता हात थांबला. वाशिंदला असताना मी ड्यूटीवरून परत आले की स्टेशनातून बाहेर पडायचेच नाही. सगळी माणसं निघून जायची. मी पादचारी पुलाखालच्या बाकावर बसायचे, अर्धा तास, कधी तास. भाजी निवडायचे तिथेच. स्वतःला सांगायचे, पाय दुखतात. सासरचं घर तिथून सात मिनिटांवर होतं. मी केसपेपर बाजूला ठेवला आणि रडले, आणि रडून झाल्यावर परत पोस्टमनला पत्र विचारलंच. कळणं वेगळं आणि वळणं वेगळं, दुसरं काय!

त्या वेळी नवीन जागी घर उभं करताना बाबांनी एक खांब मुद्दाम हलवला. सगळं खाचेला खाच लावून बसवलं आणि ओटीवरचा एक खांब हातभर सरकवून टाकला. मी विचारलं, चुकला का? आजीच म्हणाली, "पयल्यांदा जसंच्या तसं उभं केलेलं. भांडण पन जसंच्या तसं उभं राह्यलं."

बाबांच्या लेकीची गोष्ट मला लेकीनेच सांगितली. ती तिशीची होती, बापासारखीच आडव्या हाडाची, माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. मुरबाडकडे दिली होती. नवरा मारायचा. पहिल्यांदा पळून आली तेव्हा बाबांनी जेवायला घातलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन पोचवलं. दुसऱ्यांदा आली, परत पोचवलं. तेव्हा तिचा हात मोडलेला होता.

"तिसऱ्यांदा मी आलेच नाय," ती मला म्हणाली. "बाबाच आला. बाजाराच्या दिवशी, भर दुपारचा. बोलला, चल. सासरा बोलला, कुठं नेतोस? तर बाबा बोलला, दोनदा चुकलो, आता सुधारतोय. मला घेऊन बाजारातनं चालत आला, मधोमध. मी बोलले, बाबा, मागनं जाऊ, लोक बघतात. तर बोलला, बघूनदे की. लोकांना दिसाया पायजे."

बाबांना मी हे कधी विचारलं नाही. एकदाच, नाचणीच्या भाकरीवर चटणी घेता घेता ते आपण होऊन बोलले. "घरं इतकी उतरवली, येकाचा पन वासा तुटला नाय. पोरीचा हात मोडला." मग भाकरी तशीच ठेवून उठले. आजीने ती झाकून ठेवली.

आता दुसरं बेघर होणं. माझं तिसरं वर्ष चालू होतं. गावातली चार मोठी माणसं एका सकाळी ओट्यावर येऊन बसली. चहा झाला, पाऊसपाणी झालं, मग मुद्दा आला. एका घरात दोन-दोन टाकलेल्या बायका. गावाच्या पोरीबाळींवर काय वळण पडणार? एक तर लेकीला नांदायला पाठवा, नाहीतर नर्सबाईंना जागा सोडायला सांगा. दोघींपैकी एक. मी आत, दाराआड, कान देऊन. लेक घरची, मी भाडेकरू. कोण जाणार हे उघड होतं.

बाबा म्हणाले, "टाकलेली कोन? माजी पोरगी पायानं चालत आलीय. ही बाय यष्टीनं आलीय. टाकलेली म्हंजे उकिरड्यावरची. माज्या घरात उकिरडा नाय."

"मग आमचं ऐकणार नाय?"

"ऐकलं ना! दोघींतली येक जायाला पायजे, बरोबर? येक कशाला? समदंच जातंय."

त्याच दिवशी ते कौलांवर चढले. आणि घर नेणार कुठे, तर रानात नाही, डोंगरात नाही. फाट्यावर! जिथे यष्टी थांबते, जिथून गावात शिरणारा प्रत्येक माणूस जातो, तिथे त्यांचा शेताचा तुकडा होता. मी म्हटलं, बाबा, जरा आडबाजूला तरी बांधा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर खोचून शिडी धरायला गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे रांगेत उभे होतो. बाबा वर, मग शिडीवर लेक, खाली मी, माझ्यापुढे आजी. कौल हातोहात खाली येत होतं. बैलगाडी भरत होती. ती चार मोठी माणसं पारावर बसून बघत होती. आणि फटफटीचा आवाज आला. माझा नवरा.

तो उतरला. चष्मा पुसला. उतरलेलं घर पाहिलं, झाडाखालची ट्रंक पाहिली.

"चल," म्हणाला. "आई म्हणते झालं गेलं सोडून देऊ. राजीनामा तेवढा लिही, जाता जाता देऊन टाकू."

तीन वर्षं मी ह्या एका 'चल'ची वाट पाहत होते, आणि तो आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत कौल होतं. खोटं कशाला सांगू, मी कौल खाली ठेवलं आणि ट्रंकेकडे चालायला लागले. पाय आपोआप चालले. अर्ध्या वाटेत मान वर करून विचारलं, "बाबा, जाऊ का?"

पारावरचे लोकसुद्धा ऐकायला पुढे झुकले.

"मला इचारू नको," बाबा वरून म्हणाले. "मी येकीला दोनदा वाट सांगून बसलोय. आता सांगनार नाय. तुजी तू बघ."

असा राग आला मला त्यांचा! जन्मभर सगळ्या गावाला अक्कल शिकवणारा माणूस, आणि नेमका माझ्या वेळेला तोंड मिटून बसला. मी नवऱ्याकडे वळले. विचारलं, "तुम्ही मला न्यायला आलात की राजीनामा न्यायला?"

"एकच ना ते."

"एकच नाही. राजीनामा नाही देणार. तरी नेताय?"

तो फटफटीच्या आरशाकडे बघत राहिला. "आईला काय सांगू मी?"

माणूस वाईट नव्हता हो. हात कधी उगारला नाही. पण त्याने माझ्या तोंडाकडे एकदा तरी बघायचं होतं. बघितलं नाही. मी म्हटलं, "सांगा, ती येत नाही म्हणाली."

"घर तरी आहे का तुला? कुठे राहणार?"

"परवापर्यंत उभं राहतंय. उन्हाचे आलात, पाणी पिऊन जा."

"मग राहा इथेच कायमची. बघू कोण विचारतं तुला."

"कुणी विचारायला यावं म्हणून नाही राहत."

आजीने तांब्या पुढे केला. त्याने घेतला नाही. फटफटी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सुरू झाली. तो वळणाआड गेला. मी तिथेच मातीत बसले, पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागले. कुणी जवळ आलं नाही. तेवढ्यात वरून आवाज, "कौलं खोळंबली गो खाली! रड, पन हात चालव!"

उठले. तोंडातल्या तोंडात शिव्या घालत उठले. रडत रडत मी चारशे कौलं झेलली असतील. एकही फुटलं नाही.

फाट्यावर घर उभं राहिलं. लेकीने त्याच्या ओट्यावर भाजी विकायला सुरुवात केली आणि ती चार मोठी माणसं यष्टीतून उतरली की तिच्याकडूनच मुळा न्यायची. बाबा पुढे आणखी दहा-बारा वर्षं जगले, पण ते घर त्यांनी पुन्हा उतरवलं नाही. गाव म्हणायचं, म्हातारा थकला. थकला कसला! उतरवायचं कारणच राहिलं नव्हतं.

मला मात्र एक काम उरलं होतं. सासरच्या रेशनकार्डावरून नाव कमी करून स्वतःचं वेगळं कार्ड काढायचं. वर्षभर खेटे घातले. हा कागद आणा, तो आणा, नवऱ्याला आणा. शेवटी सगळे कागद जमले तेव्हा घरमालक साक्षीला लागतात म्हणून बाबांना घेऊन शहापूरला गेले. धुतलेलं धोतर, टोपी, पायांत लेकीने आणलेल्या नव्या चपला, त्या चावत होत्या म्हणून हातात. खिडकीपलीकडच्या बाबूने फॉर्म पुढे ओढला.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

"बाई, तुमचं नाही. प्रमुखाचं."

"तेच सांगितलं."

त्याने मान वर केली. मागे रांग होती, रांगेतल्या बायका कान टवकारून उभ्या. "कुटुंबात एकूण माणसं किती?"

"एक."

बाबूने पेन खाली ठेवलं. रांगेकडे बघत जरा हसला. "एका माणसाचं कुठे कुटुंब असतं का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी मला कोपराने बाजूला सारलं आणि चपला खिडकीच्या फळीवर ठेवून डोकं आत घातलं.

"आसतं," बाबा म्हणाले. "माज्या घरात ऱ्हातंय. लिव."

त्याने लिहिलं.